जुन्या गाडीला जादा दिवे: डायनॅमोचा हिशेब आणि खाऱ्या हवेतली जोडणी

पावसाळ्यात आंबोली किंवा आंबा घाटात धुकं उतरलं की जुन्या अँबॅसिडर-फियाटचे हेडलाइट पुरत नाहीत. म्हणून दोन फॉगलॅम्प आणायचे, हॉर्नच्या वायरला टोचायचे आणि निघायचं, ही पद्धत सगळीकडे दिसते. पहिल्या आठवड्यात दिवे लागतात. पुढे वायर तापते, फ्यूज उडतो, आणि ऐन घाटात बॅटरी बसते. दिवे विकत घेण्याआधी वही-पेन घ्या, कारण हे काम हिशेबापासून सुरू होतं.

त्या काळच्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत सर्रास दिसणारा लुकास सी-40 डायनॅमो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो, तेही इंजिन चांगलं फिरत असताना. आता रात्रीच्या पावसातला खर्च मांडा. 40 वॉटचे दोन डिप, म्हणजे हेडलाइटचे खालच्या झोताचे दिवे, घेतात पावणेसात अँपिअर. पार्किंग, टेललाइट, नंबरप्लेट आणि डॅशबोर्डचे मिळून अडीच. वायपर सुमारे तीन, इग्निशन कॉइल सुमारे तीन. झाले पंधरा. त्यात 55 वॉटचे दोन हॅलोजन घातले की सव्वानऊ वाढतात आणि बेरीज चोविसाच्या वर जाते. वरचा तुटवडा बॅटरी भरून काढते, म्हणजे ती हळूहळू उतरते. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन फिरत असतं तोवर हे लक्षात येत नाही. पुढे ट्रक अडकला आणि गाडी आयडलवर उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, आणि सगळा भार बॅटरीवर येतो.

म्हणून डायनॅमोच्या गाडीला 15 वॉटचे दोन एलईडी फॉगलॅम्प लावा. ते अडीच अँपिअरमध्ये भागतात. डायनॅमोच्या जागी आधीच आल्टरनेटर (जास्त वीज देणारं नव्या पद्धतीचं यंत्र) बसवलेला असेल, तर त्याची क्षमता बघून 55 वॉटचे हॅलोजन चालतील. 100 वॉटचे बल्ब मात्र कोणत्याच जुन्या गाडीत नकोत. पिवळ्या काचेवर फार विसंबू नका. धुक्यात फायदा होतो तो खाली बसवलेल्या, रुंद आणि वरून कापलेल्या झोताचा.

एलईडी घेण्याआधी बॅटरीचं कोणतं टर्मिनल बॉडीला जोडलंय ते बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेलं, असू शकतं. हॅलोजनला त्याने फरक पडत नाही. एलईडीच्या वायरी मात्र उलट जोडाव्या लागतात, आणि दिव्याची निगेटिव्ह आतून त्याच्या धातूच्या खोक्याला जोडलेली असेल तर बंपरला कसताच शॉर्ट होतो. काही जुन्या जीप 6 व्होल्टच्या असतात, तेही तपासून घ्या.

सामान असं: 30, 85, 86, 87 खुणांचा चार पिनांचा 12 व्होल्ट रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), झाकणाचा फ्यूज होल्डर, 2.5 चौरस मिलीमीटर वायर पाच-सहा मीटर, स्विचसाठी 1 चौरस मिलीमीटर वायर, तांब्याचे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायच्या कड्या), आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट-श्रिंक स्लीव्ह, पत्र्याच्या भोकात बसवायचे रबरी ग्रोमेट आणि वायरी झाकायचा वळ्यांचा कोरुगेटेड पाइप. किनाऱ्यावरच्या गाडीला कथिलाचा मुलामा दिलेली, बोटीसाठी वापरतात ती तांब्याची वायर घ्या. मिरकरवाडा, हर्णै, मालवण अशा बंदरांत बोटींची विजेची कामं करणाऱ्यांकडे विचारा. साध्या तांब्यात खारी हवा टोकाकडून आत शिरते आणि वरून धडधाकट दिसणारी वायर आतून हिरवी-काळी पडते. पाइप घालायचाच, कारण पावसाळ्यात गॅरेजमध्ये उंदीर वायरी कुरतडतात.

काम सुरू करताना बॅटरीचं बॉडीला जोडलेलं टर्मिनल आधी काढा. शेवटी तेच सगळ्यात उशिरा लावा. बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा: दोन हॅलोजनला 15 अँपिअर, लहान एलईडीला 5. तिथून रिलेच्या 30 ला, आणि 87 वरून दोन्ही दिव्यांना 2.5 ची वायर. 85 बॉडीला. 86 ला स्विचमार्गे पार्किंग लाइटची वायर, म्हणजे पार्किंग बंद केलं की फॉगलॅम्पही विझतात. रिलेची कॉइल जेमतेम पाव अँपिअरच्या आत घेते, त्यामुळे जुन्या स्विचवर आणि जुन्या वायरींवर भार येत नाही. रिले पिना खाली करून बसवा, नाहीतर पाणी आत साठतं.

गाडीत अँपिअर मीटर असेल तर पुरवठा थेट बॅटरीवरून घेऊ नका. दिव्यांना जाणारा करंटही मीटर चार्जिंग म्हणून दाखवतो आणि फसगत होते. मीटरच्या डायनॅमोकडच्या बाजूने घ्या, फ्यूज तिथेच लावा. जुन्या लुकास काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, तो आकडा उडण्याचा आहे. सतत तो 17 अँपिअरच पेलतो. त्या जागी आजचा 35 चा फ्यूज घातला तर फ्यूजच्या आधी वायर जळेल.

अर्थिंगकडे, म्हणजे दिव्याच्या बॉडीला जाणाऱ्या जोडणीकडे, सगळ्यात जास्त लक्ष द्या. किनाऱ्यावरच्या गाड्यांत दिवा मंद होण्याचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. क्रोम बंपर आणि गंजलेल्या ब्रॅकेटवर विसंबू नका. प्रत्येक दिव्याची वेगळी वायर चासीवर आणा. तिथला रंग चमकदार पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा, आणि आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासा. सांधे पिळून चिकटपट्टी लावू नका, इंजिनच्या उष्णतेने तिचा गोंद वितळतो. लग दाबयंत्राने दाबा आणि वर स्लीव्ह चढवा. दिव्यात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल.

मूळ पत्र्याला भोक पाडू नका. बंपरच्या आधीच्या बोल्टांवर ब्रॅकेट अडकवा. 2021 पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे, आणि तिथे मूळ रूपात मोठे फेरफार चालत नाहीत. नियम 111 नुसार पुढे स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय लावता येत नाही, म्हणून लांब झोताचे दिवे घेऊच नका. फॉगलॅम्प बंपरच्या खाली, पण जमिनीपासून 25 सेंटिमीटरहून वर असू द्या; त्याखाली जांभ्याचा लाल चिखल काच झाकून टाकतो.

आता मोजणी. दिवे चालू ठेवून बॅटरीची पॉझिटिव्ह आणि दिव्याची पॉझिटिव्ह यांत मल्टिमीटर लावा; 0.3 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर एखादा सांधा कच्चा आहे. अर्थच्या बाजूला 0.1 च्या आसपास यायला हवं. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. मग हेडलाइट, वायपर, फॉगलॅम्प सगळं लावून इंजिन मध्यम वेगात फिरवा. बॅटरीवर 13 व्होल्टच्या वर राहिलं तर ठीक, 12.6 च्या खाली घसरत गेलं तर भार कमी करा.

झोत लावताना सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 20 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागावर ती तडकते. दरवर्षी मे अखेरीस सगळे कनेक्टर उघडून बघा, हिरवट थर दिसला तर लग कापून नवा दाबा, आणि दिव्याच्या तळाचं पाणी जाण्याचं भोक काडीने मोकळं करा.