सुरुंगाचे हादरे आणि गावचा पूल : तपासणी कशी करावी

बेळगाव, खानापूर, हुक्केरी या तालुक्यांत दगडखाणीत सुरुंग उडाला की दुसऱ्या दिवशी ओढ्यावरच्या पुलाला तडा गेल्याची चर्चा सुरू होते. तो तडा आधीपासूनच होता की काय, हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून पहिली तपासणी सुरुंगानंतर नव्हे, तर सुरुंगाआधी करावी.

स्फोटापासून पुलापर्यंत दोन गोष्टी पोहोचतात : हवेतून येणारा दाब आणि जमिनीतून येणारा कंप. खिडकीची तावदाने खडखडतात ती बहुतेक वेळा हवेच्या दाबाने. तेव्हा आवाज मोठा म्हणजे पुलाला बसलेला धक्काही मोठा, असे समजू नये. कंपाचा वेग सेकंदाला किती मिलिमीटर, असा मोजतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात, खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांसाठी ही मर्यादा ८ हर्ट्झखालील (म्हणजे सेकंदाला आठ वेळांपेक्षा कमी हेलकावणाऱ्या) कंपाला ५, ८ ते २५ हर्ट्झला १० आणि त्यावरील कंपाला १५ मिलिमीटर आहे. हे आकडे घरांचे आहेत, पुलांचे नव्हेत. पण खाणवाल्याकडून कंपाच्या मोजणीची नोंद मागताना ते हाताशी असावेत.

जुन्या दगडी कमानीचा सारा भार दगडांमधल्या दाबावर तोललेला असतो, त्यामुळे कमानीच्या माथ्याचा दगड खाली सरकला आहे का आणि बाजूची भिंत कमानीपासून सुटली आहे का, हे प्रथम पाहावे. काँक्रीट दाब सोसते, पण ताणात त्याची ताकद साधारण एकदशांशच असते. म्हणून जिथे ताण जास्त येतो तिथे, म्हणजे स्लॅबच्या खालच्या अंगाला, गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या भागाच्या) मध्यावर, ओढा आटलेला असताना खाली उतरून बॅटरीच्या उजेडात बघावे. गर्डरखालचे, म्हणजे पुलाच्या तुळईखालचे, रबरी बेअरिंग (तुळई जिच्यावर टेकते ती गादी) फुगले किंवा जागेवरून हलले असेल, तर तेही टिपून ठेवावे.

तडा सापडल्यावर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी, म्हणजे तो वाढला की नाही ते रेघच सांगेल. तड्याच्या दोन्ही बाजूंना बारीक फुल्या काढून त्यांमधले अंतर व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या सरकत्या पट्टीने) मोजावे, आणि ते दर वेळी सकाळी ठरल्या वेळीच मोजावे. कारण तापमान २० अंशांनी वाढले की २० मीटरचा काँक्रीटचा गाळा सुमारे ४ मिलिमीटर लांबतो आणि दुपारी घेतलेले माप सकाळच्या मापाशी जुळत नाही. काचेची पातळ पट्टी तड्यावर आडवी चिकटवण्याची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे, मात्र ती फुटली तर काहीतरी हलले एवढेच कळते. किती हलले, ते नाही.

पावसाळ्यानंतर खांबांच्या पायथ्याशी माती वाहून गेली आहे का, हे न चुकता पाहावे. माझ्या मते सुरुंगाच्या नावावर खपवलेले कित्येक तडे पुराच्या पाण्याने खरवडलेल्या पायाचे असतात, आणि तक्रारीत कारणच चुकले तर खाणवाला सहज सुटतो. तडा रुंदावत असल्यास पुलावरून जड वाहने थांबवण्याची मागणी करावी, आणि तालुक्याच्या बांधकाम खात्याला द्यायच्या अर्जाला मापांचा तक्ता, आधीचे व नंतरचे फोटो आणि अर्जाची कन्नड प्रत जोडावी.