गुलबक्षी एकदा लावा, पुढच्या जूनला ती आपली आपण उगवते

वासाची फुलं म्हटलं की सगळे मोगऱ्याचीच कुंडी आणतात, पण खरं सांगू का, दरवर्षी काहीही न करता परत येणारं झाड हवं असेल तर गुलबक्षीसारखं दुसरं नाही. दुपारी चारनंतर उमलते, अंधार पडला की वास सुटतो आणि सकाळी ऊन चढलं की मिटते, म्हणजे ऑफिसवरून दमून येणाऱ्यांसाठी एकदम बेस्ट.

आधी बी मिळवा. नर्सरीत शोधत बसू नका, कोणाच्या तरी कुंपणाशी गुलबक्षी असतेच, त्यांना विचारून घ्या. फूल गळलं की हिरव्या वाटीत एकच बी राहतं, ते काळं होऊन नुसत्या बोटाने सुटलं म्हणजे पिकलं. दिसायला अगदी मिऱ्यासारखं असतं, म्हणून स्वयंपाकघरात अजिबात ठेवू नका, बी आणि मुळं दोन्ही विषारी आहेत, घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा.

पहिला पाऊस पडला की बिया रात्रभर पाण्यात भिजवायच्या आणि सकाळी बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल टोचायच्या, आठ-दहा दिवसांत जाड दोन पानं वर येतात. जमिनीत दोन रोपांमध्ये दीड-दोन फूट सोडा, कुंडी असेल तर १२ इंची आणि त्यात एकच रोप, कारण खाली गाजरासारखं जाड मूळ धरतं. चार-पाच तास ऊन पाहिजे. लावताना मूठभर शेणखत पुरे, जास्त खत घातलं तर नुसता पाला माजतो. वीतभर झालं की शेंडा खुडा, फुटवे येतात, आणि गणपती-नवरात्राच्या सुमारास फुलं सुरू.

आता मुख्य गोष्ट, जिथे बहुतेकांचं चुकतं. आपल्याला सवय असते ना, झाड वाळलं की उपटायचं आणि आळं झाडून लख्ख करायचं! तसं केलं की बी केरात जातं आणि मुळंही. वाळलेलं झाड चार बोटं ठेवून कापा, खाली पडलेलं बी तसंच राहू द्या, वर पालापाचोळा असेल तर पातळच ठेवा. मे महिन्यात तिथे खुरपं लावू नका. जूनमध्ये बियांतून रोपं येतातच आणि जुन्या मुळालाही कोंब फुटतात. मग मात्र विरळणी करावीच लागते, जीव होत नाही उपटायला पण दाटीत फुलं कमी येतात, जास्तीची रोपं लहान असतानाच शेजारी देऊन टाका.

रंगांचं मात्र तिच्यावर सोडा. शेजारीशेजारी पिवळी आणि गडद गुलाबी असेल तर पुढे एकाच फुलावर दोन रंगांचे शिंतोडे येऊ शकतात, मला तीच सगळ्यात आवडतात. पांढरी एखादी तरी खिडकीजवळ लावा, रात्री दिसते आणि लांब सोंडेचे पतंग येतात तेही बघायला मिळतात. आणि मुलींना दोऱ्याशिवाय वेणी करायला शिकवा, फुलांच्या लांब दांड्या एकमेकींत गुंफायच्या.