ग्राहक तक्रारीची दोन वर्षांची मुदत : या चुका टाळा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर झाला तरी तो माफ करता येतो, पण त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते आणि माफी देताना आयोगालाही कारणे लेखी नोंदवावी लागतात. हातात भक्कम बिल आणि स्पष्ट दोष असूनही तक्रारी फेटाळल्या जातात, त्या अनेकदा तारखांच्या ढिलाईमुळे. हे टाळता येण्यासारखे नुकसान आहे.

पत्रव्यवहार चालू आहे म्हणून थांबणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. कंपनीला ईमेल पाठवले, स्मरणपत्रे दिली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, वकिलामार्फत नोटीस धाडली. यातल्या कशानेही मुदत वाढत नाही. विमा दावा कंपनीने एकदा लेखी नाकारला की घड्याळ सुरू झाले. त्यानंतर "फेरविचार करा" असे दहा अर्ज केले आणि दहाव्याला पुन्हा नकार आला, तरी मुदत पहिल्या नकारापासूनच मोजली जाण्याचा धोका असतो. तक्रारीपूर्वी नोटीस पाठवणे या कायद्यात सक्तीचे नाही. मुदत संपायला आठवडा उरला असेल, तर नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, थेट तक्रार दाखल करा.

सोयीची तारीख धरणे

वस्तूत दोष असेल तर दोष पहिल्यांदा दिसला ती तारीख धरून हिशोब करणे सर्वांत सुरक्षित. दुरुस्तीच्या प्रत्येक फेरीचे जॉबकार्ड (सर्व्हिस सेंटरची नोंदपावती) जपा. दोष कधी कळला, वॉरंटीत असताना दुरुस्ती कधी फसली आणि नकार कधी मिळाला, हे त्यावरूनच सिद्ध होते.

घराच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. बिल्डरने ताबाच दिला नसेल तर वादाचे कारण रोज चालू राहते, म्हणजे मुदत संपत नाही. भोगवटा प्रमाणपत्राचेही (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) तसेच. मुंबईतल्या समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सदस्यांना १९९७ मध्ये ताबा मिळाला, पण प्रमाणपत्र नसल्याने जादा मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरावी लागत होती. राष्ट्रीय आयोगाने त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि प्रमाणपत्र न मिळवणे हा सतत चालू राहणारा दोष असल्याचे मान्य केले. मात्र हा आधार सरसकट वापरू नका. ताब्यानंतर भिंतीला गळती लागली, ती तशीच राहिली, एवढ्याने मुदत आपोआप चालू राहील असे गृहीत धरता येत नाही.

विलंब माफीचा अर्ज न जोडणे, किंवा मोघम लिहिणे

समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी आयोगाने तो स्वतः तपासायचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यामुळे "बघू, कोणी हरकत घेतली तर अर्ज देऊ" हा विचार सोडा. स्वतंत्र अर्ज, सोबत शपथपत्र आणि कागद, हे सगळे तक्रारीबरोबरच द्या. तारखेबद्दल वाद होऊ शकत असेल, तर "तक्रार मुदतीत आहे, तरीही विलंब दिसल्यास तो माफ करावा" अशी विनंती आधीच करून ठेवा.

अर्जात दिवसांचा हिशोब लागतो. समजा, नकाराचे पत्र १० जून २०२२ रोजी मिळाले. तो दिवस वगळून मुदत १० जून २०२४ ला संपते. तक्रार २५ सप्टेंबर २०२४ ला दाखल झाली, म्हणजे विलंब १०७ दिवसांचा. तक्रारदार १ जूनपासून रुग्णालयात होता, डिस्चार्ज कार्ड आहे. पुढे २० ऑगस्टपर्यंत विश्रांतीचे वैद्यकीय प्रमाणपत्रही आहे. यातून ११ जून ते २० ऑगस्ट हे ७१ दिवस झाकले जातात. २१ ऑगस्टपासूनच्या ३६ दिवसांबद्दल अर्ज गप्प असेल, तर समोरचा वकील नेमके तिथेच बोट ठेवेल. कागदपत्रे कोणाकडून मागवली, कधी मिळाली, हे पोचपावतीसह लिहा. "प्रकृती अस्वास्थ्यामुळे उशीर झाला" हे एक वाक्य पुरत नाही. "कायदा माहीत नव्हता" हे कारण तर जवळपास कधीच टिकत नाही.

चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे दाद मागण्यात वेळ गेला असेल, तर तो काळ वजा करण्याची विनंती मुदत कायद्याच्या कलम १४ च्या तत्त्वावर करता येते. तिथे अर्ज दाखल केल्याची आणि निकालाची प्रमाणित प्रत जोडा.

विरुद्ध पक्षाच्या मुदतीकडे दुर्लक्ष

तक्रारीच्या प्रतीसह आयोगाची नोटीस मिळाल्यापासून उत्तरासाठी विरुद्ध पक्षाला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ४५ दिवसांपलीकडे मुदत वाढवण्याचा अधिकार आयोगाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवले. नोटीस बजावल्याची तारीख पोस्टाच्या ट्रॅकिंगवरून काढून ठेवा आणि ४५ व्या दिवसानंतर उत्तर आले तर लगेच लेखी हरकत घ्या.

अपिलाची जुनी मुदत डोक्यात ठेवणे

१९८६ च्या कायद्यात अपिलासाठी ३० दिवस होते. आता जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत जाता येते. राज्य आयोगाकडून राष्ट्रीय आयोगाकडे जायला मात्र ३० दिवसच आहेत. आदेशाची मोफत प्रत ज्या दिवशी हातात पडली, ती तारीख त्याच प्रतीवर लिहून लिफाफा जपा. पैसे भरण्याचा आदेश ज्याच्यावर झाला आहे, त्याला अपिलासोबत निम्मी रक्कमही भरावी लागते, म्हणून तिची सोय शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.