जुन्या व्ही-८ ट्रकची टायमिंग चेन बदलताना
टायमिंग चेन म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणारी साखळी. ती ढिली होऊन इंजिनच्या तोंडाशी खडखड ऐकू आली की लोक पाने घेऊन थेट कव्हरवर तुटून पडतात. आधी चेनची ढील मोजा. डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावा आणि इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरवत बॅलन्सरवरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या जड चाकावरची) खूण अंशांच्या पट्टीवर शून्यावर आणा. मग अगदी हळू उलटं फिरवा. रोटर (कॅपखालचा फिरता तुकडा) हलला की तिथेच थांबून अंश वाचा. चार-पाच अंशांची ढील मी सोडून देतो. दहाच्या आसपास गेली की चेन बदलायची, तीही दोन्ही स्प्रॉकेटसकट (दातेरी चाकांसकट).

मी शेवरले ३५० इंजिन धरून सांगतोय. कूलंट, पंखा, पट्टे, वॉटर पंप काढायला डोकं लागत नाही, ते लागतं बॅलन्सरला. बोल्टवाला पुलर मधल्या भागालाच लावा. बाहेरच्या कड्याला जबड्याचा पुलर अडकवून ओढलंत तर मधलं रबर सुटतं, कडं सरकतं आणि टायमिंगची खूणच खोटी होते.

कव्हर निघालं की क्रँकवरचा ठिपका वर आणि कॅमवरचा खाली, असे दोन्ही समोरासमोर आणा. या वेळी रोटर एक नंबर सिलिंडरच्या वायरकडे नाही, सहाच्या वायरकडे बघत असतो. भलेभले इथे गोंधळतात आणि नीट बसलेला डिस्ट्रिब्युटर उपटून उलटा बसवतात. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. क्रँकला एक पूर्ण फेरी दिली की रोटर आपोआप एकवर येतो. त्याला हात लावू नका.

जुन्या कॅम स्प्रॉकेटचे दात नायलॉनचे असतील तर नीट बघा. तुटलेले तुकडे ऑइल चेंबरमध्ये पडून ऑइल पंपाची जाळी तुंबवतात. कितीही कंटाळा आला तरी मग चेंबर उतरवायचंच. नवा सेट पूर्ण स्टीलचा घ्या.

चेनला तेल लावून, ठिपके जुळवून चढवा. कॅमचं स्प्रॉकेट ठोकू नका. कॅम मागे सरकून ब्लॉकच्या मागचा प्लग ढकलतो. तिन्ही बोल्ट थोडे थोडे आवळत न्या, शेवटी २० फूट-पौंडांपर्यंत. मग हाताने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या. ठिपके पुन्हा जुळले, कुठे अडलं नाही, तरच कव्हर.

ऑइल सील नवं, त्याच्या ओठाला तेल, चेंबर आणि कव्हर मिळतात त्या कोपऱ्यांत सिलिकॉन. बॅलन्सरवर सीलने पाडलेल्या खाचेत नख अडकत असेल तर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवा. कूलंट आत सांडलेलं असतंच, म्हणून इंजिन ऑइलही बदला.

शेवटी टायमिंग लाइट (ठिणगी नेमकी कधी पडते ते दाखवणारा दिवा) लावाच. ढिल्या चेनमुळे मागे पडलेलं टायमिंग आधी कुणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवून भरून काढलेलं असतं. तो तसाच ठेवलात तर नव्या चेनवर टायमिंग फार पुढे जाईल आणि चढावर इंजिन नॉक करेल.