संगणक सुरू व्हायला फार वेळ लागत असेल तर

विंडोज १० किंवा ११ असलेला संगणक सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागत असतील, तर विंडोज नव्याने टाकण्याची घाई करू नये. आधी हा वेळ नेमका कुठे जातो ते पाहावे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘स्टार्टअप’ विभागात संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी दिसते आणि प्रत्येकाचा भार किती, हेही तिथेच नोंदवलेले असते. ज्यांची लगेच गरज नसते असे प्रोग्रॅम ‘डिसेबल’ करावेत. त्यामुळे ते काढून टाकले जात नाहीत, हवे तेव्हा उघडता येतात. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नये.

त्याच विभागात वरच्या बाजूला ‘लास्ट बायोस टाइम’, म्हणजे मागच्या वेळी विंडोज सुरू होण्याआधीच्या तयारीत संगणकाने घेतलेला वेळ, दिसतो. तो बराच मोठा असेल, तर विलंब विंडोज सुरू होण्याआधीच होत आहे, म्हणून जोडलेले पेन ड्राइव्ह आणि बाह्य डिस्क काढून पुन्हा पाहावे.

एवढे करूनही सुरुवातीला टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’चा वापर बराच वेळ १०० टक्क्यांवर राहत असेल आणि संगणकात फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर माझ्या मते खर्च एसएसडीवरच (चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवरच) करावा, कारण हजारो लहान फायली वाचताना फिरत्या डिस्कचे माहिती वाचणारे शीर्ष सतत जागा बदलत राहते आणि एसएसडीत असा हलणारा भागच नसतो. डिस्क बदलण्यापूर्वी, आणि तिच्यातून टकटक आवाज येत असेल तर आजच, महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे घ्यावी.