पायात काटा मोडला तर काय करायचं, आणि सूज, पू, ताप आला तर काय समजायचं

कापूस वेचणी सुरू झाली की बाभळीचा, बोरीचा काटा मोडणं ठरलेलंच, आणि मग घरात लगेच बिब्बा गरम करायची तयारी. ते करू नका, बिब्ब्यानं कातडी भाजते आणि जंतूला आयती वाट मिळते. साबण लावून वाहत्या पाण्यात पाय चांगला धुवा, टोक दिसत असलं तर स्वच्छ चिमट्यानं ओढून काढा, लई खोल असलं तर कोरत बसू नका, दवाखान्यात जा.

आता आत काय चालू होतंय ते बघा. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या पेशी कायम पहाऱ्यावर असतात. जंतूच्या अंगावर काही असे घटक असतात जे आपल्या शरीरात नसतातच, ते सापडले की जंतू कोणता हे न बघता त्या कामाला लागतात. ही ओळख कशी पटते याचा शोध माशीवर आणि उंदरावर काम करून हॉफमन आणि ब्यूटलर यांनी लावला, त्यांना २०११ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. मग रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथं रक्त वाढतं, पाणी झिरपतं, म्हणून लाली, गरमपणा, सूज, ठणका. काही तासांतच न्यूट्रोफिल पेशी येऊन जंतू गिळतात आणि मरतात, पू म्हणजे बहुतेक त्याच. पेशी अशी राखण करतात हे पहिल्यांदा सुचलं तेपण काट्यामुळंच बरं का, १८८२ मध्ये मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या.

म्हणून पहिल्या दिवशी थोडी लाली आली तर घाबरायचं नाही. फक्त लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारा आणि टाइम लिहून ठेवा. लाली रेघेच्या बाहेर चालली, पायावरून वर लाल पट्टा निघाला, जांघेत गाठ दुखायली किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप म्हणजे याच पेशींचा निरोप मेंदूपर्यंत गेलाय, पॅरासिटामॉलनं तो उतरतो पण जंतू मरत नाहीत, त्यामुळं गोळी खाऊन परत वेचायला जाऊ नका. पू दाबून काढू नका.

शुगरवाल्यांनी तर वाटच बघायची नाही, त्यांच्या न्यूट्रोफिलची ताकद कमी पडते आणि नसा बधिर झाल्या असतील तर ठणकासुद्धा कळत नाही.

धनुर्वाताचं मात्र वेगळंय. त्याचा जंतू हवा नसलेल्या खोल जागी वाढतो, त्याचं विष नसांत (मज्जातंतूंत) शिरतं, आणि जखम वरून एकदम साधी दिसू शकते, ना लाली ना पू. इथं शरीराच्या भरवशावर राहू नका, शेतातला खोल काटा असेल आणि टीटीचं, आता टीडी म्हणतात त्याचं, शेवटचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील तर आरोग्य केंद्रात जाऊन घ्या, कधी घेतलं ते आठवत नसेल तर तसंच सांगा.