बंद घर विकायला काढताय? या चुका टाळा

आई गेल्यावर डोंबिवलीचा फ्लॅट आम्ही चौदा महिने कुलूप लावून ठेवला. दादा कॅनडात, ताई नागपूरला, मी पुण्यात. शेवटी विकायचं ठरलं आणि पहिलं गिऱ्हाईक घेऊन मी दार उघडलं, तर आतून गटाराचा भपकारा आला. त्या बाई ओढणी नाकाला लावून उंबऱ्यातूनच परत गेल्या. मला वाटलं, ड्रेनेजची लाइन फुटली. प्लंबर आला, त्यानं बाथरूमच्या जाळीत बादलीभर पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या आणि तासाभरात वास गेला. जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये कायम थोडं पाणी असतं, ते गटाराची हवा वर येऊ देत नाही. घर बंद राहिलं की हे पाणी सुकतं आणि वासाबरोबर झुरळंही वर येतात. म्हणून बाथरूम, संडास, सिंक, कपडे धुण्याची जागा, सगळीकडे पंधरा दिवसांतून एकदा पाणी ओतायला कुणाला तरी सांगून ठेवा. ओतून झाल्यावर वर चमचाभर तेल सोडलं तर पाणी लवकर उडत नाही.

वास तासाभरात गेला. कागदांना मात्र सात महिने लागले, आणि बहुतेकांची खरी चूक तिथेच होते. आधी एजंट गाठायचा, गिऱ्हाईक आलं की कागद शोधायला लागायचं. हा क्रम उलटा करा.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बाबांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव दिलं होतं. एजंट म्हणाला, “मग काय, तुमची एकटीची सही पुरे.” हे साफ चूक आहे. नॉमिनेशन सोसायटीच्या दफ्तरापुरतं असतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायदाही नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासदच मानतो. मालकी वारसांची. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो, मुलीचं लग्न झालेलं असो वा नसो. आमच्याकडे बाबा आधी गेले, मग आई. म्हणजे आम्हा तिघांचा एकेक तृतीयांश. घेणाऱ्याचा वकील पहिल्याच दिवशी हेच विचारतो, आणि एक जरी वारस सहीबाहेर राहिला तर बँक घेणाऱ्याला कर्ज देत नाही.

यावर दोन रस्ते आहेत. बाकीच्या भावंडांनी हक्कसोडपत्र करून द्यायचं, नाहीतर सगळ्यांनी मिळून खरेदीखतावर सह्या करायच्या. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. नोटरीचा शिक्का मारून घेतलेला कागद घरच्या समाधानापुरता, विक्रीला त्याचा उपयोग नाही. आम्ही दुसरा रस्ता धरला. प्रत्येकाच्या वाट्याचे पैसे थेट त्याच्या खात्यात गेले, त्यामुळे ‘मी तुला नंतर देते’ हा प्रश्नच आला नाही. भावंडांचं कितीही पटत असलं तरी मी हाच रस्ता सुचवेन.

परदेशातला वारस

दादा येऊ शकत नव्हता, म्हणून त्यानं ताईच्या नावानं मुखत्यारपत्र केलं. ते त्यानं तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घेतलं. असं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आमचं पाकीट ताईच्या कपाटात दोन महिने पडून होतं, मुदत थोडक्यात वाचली. मुखत्यारपत्रात कोणता फ्लॅट, विक्रीचा आणि नोंदणीचा अधिकार कुणाला, हे स्पष्ट लिहा. मात्र नुसत्या मुखत्यारपत्रावर घर ‘विकत’ देऊ नका. त्यानं मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगितलं आहे.

याहून मोठा घोळ टीडीएसचा, म्हणजे घेणाऱ्यानं किमतीतून कापून सरकारकडे भरायच्या आयकराचा. विकणारा भारतात राहणारा असेल तर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात घेणारा १ टक्का कापतो. परदेशात राहणाऱ्याच्या वाट्याला हा नियम लागू नाही. तिथे ५० लाखांची मर्यादा नाही, दर कितीतरी जास्त, आणि कमी कपातीचा दाखला नसेल तर घेणारा नफ्याऐवजी पूर्ण रकमेवर कपात करतो. हा दाखला आयकर खात्याकडून करारापूर्वीच काढून ठेवा, त्याला आठवडे लागतात. आम्ही हे विसार घेतल्यावर सांगितलं. घेणारा घाबरला, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. कपात कमी केली तर त्यालाच भरावी लागते.

जुना करारनामा

वारसानं मिळालेल्या घराचा नफा काढताना खरेदीची किंमत आईवडिलांची धरतात. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर त्या दिवसाची बाजारभावाची किंमत धरता येते, पण सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त नाही. म्हणून १९९६ चा तो करारनामा आम्हाला हवाच होता. तो माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडला. वाळवीनं कडा खाल्लेल्या, नोंदणीची पावती शेवटच्या पानाला चिकटून बसलेली. सुदैवानं दस्त क्रमांक वाचता येत होता, त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळाली. मूळ कागद पूर्ण हरवला असेल तर पोलिसांत तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, दोन्ही लागतात. गृहकर्ज फेडलेलं असलं तरी बँकेचा बोजा उतरल्याचं पत्र घरात आहे का, तेही बघा. बाबांनी कर्ज फेडलं होतं, पण पत्र आणायचं राहून गेलं होतं.

भिंतीवरचा फुगा

आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. गच्चीतून पाणी मुरायचं, बेडरूमच्या भिंतीला लोणा लागला होता. मी मे महिन्यात त्यावर नवा रंग दिला. जुलैत हाताएवढे फुगे आले, बोट लावलं की आतला ओला प्लास्टर खाली पडायचा. घर दाखवायला नेलेल्या माणसाची नजर एकाच ताज्या रंगाच्या भिंतीवर आधी जाते. गच्चीची गळती काढणं सोसायटीच्या खर्चातलं काम आहे. फोटो जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दुरुस्ती झाली, भिंत सुकली, मगच रंग. आणि सुकायच्या आधी गिऱ्हाईक आलंच तर ओल कुठे आहे ते आपणहून दाखवा.

बाकीच्या खर्चिक चुका

वापर नाही म्हणून विजेचं बिल भरायचं थांबवू नका. शून्य युनिटला स्थिर आकार येतोच, आणि थकबाकीत मीटर काढला तर अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर घर दाखवावं लागतं.

ओळखीच्या मुलाला ‘दोन-चार महिने राहा’ म्हणून चावी देऊ नका. द्यायचीच असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवा. तोंडी बोलणं झालं असेल आणि उद्या वाद झाला, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं.

सोसायटीचं बिल ओळ न् ओळ वाचा. बिनभोगवटा शुल्क (नॉन-ऑक्युपन्सी चार्ज) भाड्यानं दिलेल्या घराला लागतं, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. नुसत्या कुलूपबंद घराला ते लावलं होतं, आम्ही २००१ चा शासन आदेश दाखवल्यावर रक्कम परत मिळाली. घर नव्या मालकाच्या नावावर करताना सोसायटी घेते तो हस्तांतरण प्रीमियमही महापालिका क्षेत्रात २५ हजारांच्या वर घेता येत नाही.

किमतीबाबत एकच. शेजारी सांगतात तो आकडा सोडा. तुमच्या इमारतीत अलीकडे नोंदलेल्या व्यवहारांची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघा. तिथला आकडा आणि तुमच्या मनातला आकडा यांत बरंच अंतर असेल, तर ते आईच्या स्वयंपाकघराचं अंतर असतं. माझं तसंच होतं, आणि त्या नादात दोन चांगली गिऱ्हाइकं मी घालवली. रोख रक्कम मागणारा आला तर नकार द्या. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली की तेवढाच दंड बसू शकतो.

चावी शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्यावरच द्या, आणि देताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढून दोघांनी ठेवा. मीटर आणि घरपट्टी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचं लेखी मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आमचा मीटर नावावर व्हायला तीन महिने गेले, तोवर बिल बाबांच्याच नावानं येत राहिलं.